काळा, एक कान खाली

“आता मी जे सांगणार आहे ना, ते कुणालाही खरं वाटणार नाही,” असं म्हणून मामांनी खुर्ची पुढे ओढली.

“मग नका सांगू,” समोर बसलेल्या बाई म्हणाल्या. “खरं वाटेल असं काही असेल तर दाखवा.”

मामांची खुर्ची होती तिथेच थांबली. तीस वर्षांत त्यांच्या गोष्टीला पहिल्याच वाक्यात कुणी लगाम घातला नव्हता. पोहण्याचे तलाव साफ ठेवण्याचा त्यांचा धंदा. त्रेपन्न घरांचे त्रेपन्न तलाव ते सांभाळत, आणि तलावागणिक त्यांच्याकडे एक गोष्ट तयार असे. एका तलावातून म्हणे त्यांनी जिवंत घोडा बाहेर काढला होता. हीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना घोड्यावर स्वार आला, तिसऱ्यांदा तो स्वार बेशुद्ध होता आणि चौथ्यांदा मामांनी एका हाताने घोडा, दुसऱ्या हाताने स्वार धरून नुसत्या पायांनी पोहत काठ गाठला. लोक पोट धरून हसत आणि आपला तलाव मामांच्या हवाली करून निर्धास्त होत. सगळा परिसर त्यांना मामा म्हणे. खरे मामा ते एकीचेच होते, आणि ती भाची आत्ता कचेरीच्या दाराशी उभी राहून त्यांना डोळ्यांनी दटावत होती.

दटावण्यासारखंच होतं. समोरच्या बाई पोहण्याच्या क्लबच्या चिटणीस होत्या. क्लबचे तलाव तीन: मोठा, मधला आणि मुलांचा. आधीच्या कंत्राटदाराची वही त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर टाकली.

“बावन्न आठवडे, बावन्न नोंदी,” चिटणीसबाई म्हणाल्या. “सगळीकडे एकच वाक्य. ‘सर्व ठीक.’ त्यातले सहा आठवडे मोठ्या तलावात पाण्याचा थेंब नव्हता, फरशी बसवत होतो आम्ही. तेव्हाही सर्व ठीक. मग पंप जळाला. त्या दिवशीही सर्व ठीक!”

“माणूस समाधानी दिसतो,” मामा म्हणाले.

“मामा, गप रे!”

“मला एकच हवंय,” चिटणीसबाईंनी लाल पेन्सिल टेबलावर आपटली. “कागदावर जे लिहिलंय ते जागेवर सापडलं पाहिजे. वर्षाचं काम आहे. तुमच्याकडे नोंदी आहेत?”

“आहेत,” भाची म्हणाली आणि तिने फडताळातून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढून समोर ठेवला. आत दाटीवाटीने कार्डं उभी होती.

ह्या डब्यामागे चार महिन्यांची लढाई होती. भाची कामाला आली तेव्हा त्रेपन्न तलावांची सगळी माहिती मामांच्या डोक्यात होती, आणि ते डोकं रोज सकाळी मामांबरोबर बाहेर जायचं. मागे फोन आला की ती बिचारी नुसती ‘हो, हो’ करत बसायची. कुठला पंप किती ताकदीचा, कुठल्या फिल्टरातली वाळू कधी बदलली, कुठे क्लोरीन किती लागतं, असं काहीही विचारलं की मामा खुर्ची पुढे ओढायचे. शेवटी तिने पोस्टकार्डाएवढी कार्डं कापली, तलावाला एक याप्रमाणे वाटली आणि मामांच्या शर्टाच्या काजाला दोरीने पेन्सिल बांधून टाकली. नियम एकच. तलावाच्या काठावर उभं राहून, जे बघितलं, जे केलं आणि जे झालं तेवढंच लिहायचं. कचेरीत येऊन आठवून लिहायचं नाही.

आणि नवल असं, की मामांच्या जिभेला जे जन्मात जमलं नाही ते त्यांच्या हाताला जमून गेलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फिल्टर न धुताच ‘फिल्टर धुतला’ असं लिहायला घेतलं. ‘फिल्टर’पर्यंत पेन्सिल नीट चालली. पुढे चालेना. मामांनी ती झटकली, जिभेवर ओली केली, टोक डोळ्यांपाशी धरून बघितलं. शेवटी चरफडत फिल्टर धुतला, तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं.

“बोललेलं वाऱ्यावर जातं गं,” ते भाचीला म्हणाले. “लिहिलेलं दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं. आपल्याकडे बघत बसतं मेलं.”

एका बाबतीत मात्र भाची सपशेल हरली होती. कार्डाच्या माथ्यावर तिने सुवाच्य अक्षरात ‘पत्ता’ लिहून जागा सोडली होती. त्या जागेत मामा कुत्रा लिहीत.

“लोक घराला रंग देतात, फाटक बदलतात, झाड तोडतात,” मामांचं म्हणणं. “कुत्रा कुणी बदलतं का? कुत्रा हाच खरा पत्ता.”

त्यात त्यांची गिऱ्हाइकं होती त्या वसाहतीतली घरं एका साच्यातून पाडलेली. पांढरी भिंत, निळं फाटक, बाजूला कुंडी. पाट्यांकडे मामांनी तीस वर्षांत ढुंकून बघितलं नव्हतं. तेव्हा ‘दोन पांढरे’, ‘लंगडी’, ‘भुंकतो पण येत नाही’, ‘मांजर आहे, पण वागणं कुत्र्याचं’ अशा पत्त्यांची ती कार्डं होती. गिऱ्हाइकांच्याही हे अंगवळणी पडलं होतं. फोन यायचा, “मी ‘भुंकतो पण येत नाही’कडून बोलतेय. पंप गळतोय आमचा.”

आणि आज ह्या डब्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. भाचीच्या पर्समध्ये दूरच्या शहरातल्या एका कचेरीचं नोकरीचं पत्र होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. “क्लबचं काम मिळालं तर दोघांना पुरेल एवढं होईल, मग मी राहते,” तिने मामांना सांगून टाकलं होतं. “नाही मिळालं तर मला जायलाच हवं.”

“जा की,” मामा म्हणाले होते. “मला काय!”

त्या दुपारी त्यांनी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला होता. भाची यायच्या आधी ते खिडकीशी उभ्यानेच जेवत. कचेरीत दुसरी खुर्ची आली ती तिच्यामुळे.

चिटणीसबाईंनी डबा पुढे ओढला, डोळे मिटले, पत्ते पिसल्यासारखी बोटं फिरवली आणि एक कार्ड उपसून काढलं.

“‘काळा, एक कान खाली,’” त्यांनी वाचलं. “हे काय?”

“पत्ता,” मामा म्हणाले.

चिटणीसबाईंनी भाचीकडे बघितलं. भाचीने छताकडे बघितलं.

“‘तलाव लंबगोल. लांबी नऊ मीटर, रुंदी चार. पाणी बेचाळीस हजार लिटर. पंप एक अश्वशक्ती, चालू करताना दोनदा खोकतो. खोल बाजूला निळ्या टाइलींत एक हिरवी. शिडीची खालून दुसरी पायरी ढिली.’” चिटणीसबाईंची भुवई वर गेली. “बरंच बारीक बघता की. चला, मला हा तलाव दाखवा. हे सगळं जुळलं तर क्लबचं काम तुमचं. एक जरी चुकलं तर मी आपली दुसरीकडे जाते.”

“चला!” मामा उठले.

उठले खरे, पण मोठी अडचण होती. मामांना एकेक घर सुटं ठाऊकच नव्हतं. त्यांना फेरी ठाऊक होती. इथून निघायचं, डावीकडे वळायचं, कुत्रा दिसला की थांबायचं, पुढचा कुत्रा दिसेपर्यंत जायचं. पाढ्यासारखं होतं ते. मधलाच आकडा विचारला तर पहिल्यापासून म्हणावं लागे. आणि हे चिटणीसबाईंसमोर कबूल करण्यापेक्षा मामांनी पुन्हा एक घोडा बाहेर काढला असता.

तिघं मामांच्या गाडीत बसली. गाडी वसाहतीत शिरली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली.

“ह्या फाटकावरून आपण मघाशीच गेलो,” चिटणीसबाई म्हणाल्या.

“ते वेगळं. हे त्याच्यासारखं दिसणारं.”

तिसऱ्या फेरीला एका निळ्या फाटकाशी एक काळा कुत्रा पाव खाताना दिसला आणि मामांच्या जिवात जीव आला. “हे बघा! पत्ता!” गाडी थांबवून ते असे रुबाबात आत शिरले की चिटणीसबाईसुद्धा क्षणभर भारावल्या. क्षणभरच. कारण अंगणात कपड्यांची दोरी होती, टोमॅटोची दोन झाडं होती, शिवणयंत्राचं मोडकं पायडल होतं. बेचाळीस हजार लिटरचा तलाव नव्हता.

“तलाव कुठाय?”

“गळती,” मामा म्हणाले.

“पाणी गळालं हे समजू शकते मी,” चिटणीसबाई म्हणाल्या. “खड्डा कुठे गेला?”

“बुजवला असणार. लोकांना काय हो, एकेकाची हौस असते.”

एवढ्यात घरातून एक शिवणकाम करणाऱ्या बाई बाहेर आल्या. गळ्यात मापाची फीत, ओठांत टाचण्या. त्या त्यांनी एकेक करून काढल्या. “कोण हवंय?”

“ताई, तुमचा तलाव कधी बुजवलात?” मामांनी आपुलकीने विचारलं.

“तलाव? पंधरा वर्षं राहते मी इथे. इथे तलाव होता?”

“बघा!” मामा चिटणीसबाईंकडे वळले. “ह्यांना कुणी सांगितलंच नाही.”

भाचीने त्यांची बाही ओढली. “मामा, कान बघ.”

“कुणाचे?”

“कुत्र्याचे! दोन्ही वर आहेत.”

“सकाळी वरच असतात,” मामा म्हणाले. “दुपारकडे एक खाली येतो.”

ही शुद्ध थाप होती. ती खरी निघणार आहे, हे ठाऊक असतं तर मामांनी ती मारलीच नसती.

चिटणीसबाईंनी लाल पेन्सिल उचलली. कार्डावर ती टेकणार तोच भाची पुढे झाली. “काकू, हा कुत्रा तुमचाच ना?”

“माझाच तर. कोळसा. पाव खाल्ला की जातो, दिवेलागणीला येतो. दिवसभर कुठे असतो, त्यालाच माहीत.”

पाव संपला होता. कोळशाने तोंड पुसल्यासारखं गवतावर घासलं, फाटकाबाहेर जाऊन आधी उजवीकडे, मग डावीकडे बघितलं आणि कामाला निघालेल्या माणसासारखा रस्ता ओलांडला. भाची त्याच्याकडे बघत राहिली. मग अचानक मामांकडे वळली.

“मामा, काळ्या कुत्र्याची कार्डं किती आहेत आपल्याकडे?”

“चार. मी नेहमी म्हणतो, ह्या भागात काळी कुत्री फार झालीयत.”

“चारही सांग.”

“‘काळा, पट्टेवाला’. ‘काळा, झोपलेला’. ‘काळा, लठ्ठ’. आणि बाईंच्या हातातला.”

भाचीने कपाळावर हात मारला. “अरे मामा! कधी चौघे एकदम बघितलेस का?”

मामा बोटांवर कुत्री मोजू लागले.

“चला त्याच्या मागे!” भाची डबा काखोटीला मारून पळाली. मागून मामा, त्यांच्या मागून पेन्सिल रोखून चिटणीसबाई, आणि सगळ्यांत मागे गळ्यातली फीत सावरत शिवणकामवाल्या बाई. “आज बघतेच कुठे जातो ते,” त्या म्हणत होत्या. “पंधरा वर्षांत एवढा संशय मी नवऱ्यावर घेतला नाही!”

कुत्रा दुसऱ्या गल्लीतल्या निळ्या फाटकात शिरला. आत एक निवृत्त गणिताचे मास्तर लाल पट्टा घेऊन तयारच उभे होते. “आलास कर्नल? चार मिनिटं उशीर.” त्यांनी त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला, बशीत अंडं ठेवलं आणि मग समोरची माणसं बघून चष्मा सारखा केला.

“कर्नल?” शिवणकामवाल्या बाई कडाडल्या. “माझ्या कोळशाच्या गळ्यात पट्टा घालता?”

“कोण कोळसा? बाई, हा माझा कुत्रा. बाहेर जाताना मी पट्टा काढून घेतो, हरवू नये म्हणून.”

“कुत्रा?”

“पट्टा!”

तिकडे भाचीने डब्यातून ‘काळा, पट्टेवाला’ काढून चिटणीसबाईंच्या हातात दिलं होतं. त्या तलावाभोवती फिरत वाचू लागल्या. “‘चौकोनी. दहा बाय पाच. पंपाचं झाकण तडकलेलं, तारेने बांधलंय. तार माझी.’” त्यांनी वाकून बघितलं. झाकण तडकलेलं होतं. तार होती. “‘मालक पाण्यात उतरण्याआधी तापमान मोजतात, मग उतरत नाहीत.’”

“ह्यांना कसं कळलं?” मास्तर पुटपुटले.

“जुळतंय,” चिटणीसबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच ऊब आली. “पण मी काढलेलं कार्ड हे नाही. मला एक कान खाली हवाय.”

कर्नलचं अंडं संपलं. पट्टा निघाला. तो चालू लागला आणि वरात पुढे निघाली, आता मास्तरांसकट. “प्रश्न तत्त्वाचा आहे,” ते घड्याळ बघत म्हणत होते.

तिसऱ्या घरी जुळ्या मुलींची आई होती. तिथे कुत्रा व्हरांड्यातल्या टेबलाखाली गेला आणि आडवा होऊन त्याने डोळे मिटले. “बाळ्या दमला गं,” असं म्हणत जुळ्या त्याच्या तोंडापाशी एकेक बिस्किट ठेवू लागल्या, आणि बाळ्या झोपेतच ती खाऊ लागला. सगळी मंडळी रांगेत उभी राहून त्याला जाग यायची वाट बघत राहिली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चिटणीसबाईंनी तेवढ्यात ‘काळा, झोपलेला’ तपासून घेतलं. गोल तलाव, फिल्टराचा काटा अडकतो, टिचकी मारली की चालतो. त्यांनी टिचकी मारली. चालला. त्या चक्क हसल्या आणि पुन्हा एकदा टिचकी मारली.

बिस्किटं संपल्याबरोबर बाळ्याला जाग आली. निघताना जुळ्या, जुळ्यांची आई आणि तिच्या हातातली अर्धवट घडी घातलेली चादर, हे सगळं वरातीत सामील झालं. चौथं घर औषधाच्या दुकानवाल्यांचं. तिथे एक वाडगाभर दूध आणि कौतुकाचे शब्द त्याची वाट बघत होते. “काही खातच नाही हो हा,” दुकानवाले काळजीने सांगत होते. “तरी अंगाने असा कसा, कळत नाही. गोळ्या सुरू केल्यात भुकेच्या.” पाव, अंडं आणि अर्धा पुडा बिस्किटं पोटात घेऊन आलेला कुत्रा दूध संपवून खरोखरच लठ्ठ दिसत होता. त्याच्या मागे बघितल्यावर दुकानवाल्यांना सगळं कळलं. तेही चप्पल घालून निघाले.

“मामा, हे कार्डही जुळलं,” चिटणीसबाई धापा टाकत म्हणाल्या. गालांवर लाली चढली होती, अंबाडा सुटायला आला होता. “पण माझं कार्ड अजून...”

“येईल, येईल,” मामा म्हणाले. मनातून ते कुत्र्याला हात जोडत होते. घराघरातून हाकलला गेलो तरी चालेल, पण बाबा, तेवढा एक कान खाली कर.

शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर बंद होतं. मालकीण दिवसभर कामावर असे. कुत्र्याने मागच्या पायांवर उभं राहून नाकाने फाटकाची कडी उचलली, हे काम रोजचंच असल्यासारखं. आत लंबगोल, निळाशार तलाव उन्हात चमकत होता. कुत्रा धावत सुटला, काठावरून हवेत झेपावला आणि चार घरांची न्याहारी घेऊन असा काही पाण्यात पडला की पुढे उभे असलेले मास्तर चष्म्यासकट न्हाले. आरामात दोन फेऱ्या मारून तो शिडीने वर आला, अंग झाडलं आणि मंडळींकडे बघत बसला.

त्याचा डावा कान पाण्याने जड होऊन हळूहळू वाकला आणि डोळ्यावर पडला.

“कान!” सगळे एकदम ओरडले. जुळ्या टाळ्या पिटू लागल्या. सर्वांत जास्त आश्चर्य मामांना वाटलं होतं, पण ते “मी म्हटलं नव्हतं?” अशा चेहऱ्याने उभे राहिले.

मग तपासणी झाली, आणि ती सगळ्यांनी मिळून केली. शिवणकामवाल्या बाईंची फीत सहा वेळा सरकवून लांबी भरली नऊ मीटर. रुंदी चार. मास्तरांनी सरासरी खोली दीड मीटर धरून ओल्या चष्म्यातून आकाशाकडे बघत हिशेब केला. “बेचाळीस हजार चारशे.”

“वरचे चारशे आत्ता त्याने बाहेर उडवले,” मामा म्हणाले.

हिरवी टाइल जुळ्यांनी शोधली. पंप दोनदा खोकला. शिडीची खालून दुसरी पायरी दुकानवाल्यांनी पायाने हलवली, ढिली होती.  चिटणीसबाईंनी कार्ड उलटं केलं आणि मागची बाजू वाचता वाचता थबकल्या. मग अंगठ्याने ती ओळ झाकली.

“आता शेवटचं, मामा. गेल्या बारा तारखेला इथे काय झालं, ते तुम्ही तोंडाने सांगा.”

मामांनी समोर बघितलं. आठ माणसं गोल करून उभी होती, एक कुत्रा बसला होता, वर स्वच्छ ऊन. असा श्रोतृवर्ग समोर असताना गप्प बसणं त्यांच्या शक्तीपलीकडचं होतं.

“हे कुणाला खरं वाटणार नाही,” ते म्हणाले.

“मामा, नको,” भाची कुजबुजली.

“मी इथे पानं काढत होतो. बघतो तर काय, हा कुत्रा मधोमध बुडतोय! नाकातोंडात पाणी. मी मागचा पुढचा विचार केला नाही. बुटांसकट उडी! खाली गेलो, तळाला हात लावला, ह्याला खांद्यावर टाकला. वर येता येता दिसलं की पंपाच्या जाळीत पानं अडकलीयत, म्हणून म्हटलं आलोच आहे तर तीही काढू. असा एका हाताने पोहत...” मामांनी हात दाखवायला दोन पावलं मागे टाकली. मागे तलाव होता.

कुत्रा ताडकन उठला, त्याने मामांची पँट दातांत धरली आणि त्यांना काठापासून चांगलं चार हात ओढून नेलं. मग त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये बसला.

 चिटणीसबाईंनी अंगठा काढला आणि वाचलं.

“‘बारा तारीख. पानं काढताना पाय घसरला. खोल बाजूला पडलो. पोहता येत नाही. कुत्र्याने बाही धरून शिडीपाशी आणलं. खालून दुसरी पायरी ढिली आहे हे तेव्हा कळलं. क्लोरीन बरोबर होतं. पोटात गेलं म्हणून खात्रीने लिहितो. पानं काढायची राहिली. भाचीला सांगू नये.’”

“तुला पोहता येत नाही?” भाची मामांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. “तीस वर्षं तू काठाकाठाने... आणि कुणी नसताना... मला सांगायचं नाहीस?”

“लिहिलं होतं की,” मामा बुटांकडे बघत म्हणाले. “डब्यात सगळ्यात मागे ठेवलं होतं.”

“त्रेपन्नातलं मी तेवढंच ओढून काढलं,” चिटणीसबाई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या. हसून पाणी आलं होतं की कसं, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी कार्डावर लाल पेन्सिलीने मोठी बरोबरची खूण केली. “जुळलं. सोमवारी सकाळी सातला क्लबवर या. दोघांनी मिळून; तुम्ही एकट्याने काठावर उभं राहायचं नाही. आणि मामा, साडेसातला मुलांच्या तलावात पोहण्याचा वर्ग असतो. कमरेएवढंच पाणी आहे.”

जुळ्यांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. शिवणकामवाल्या बाई आणि मास्तर कुत्र्याच्या वाटण्या करायला लागले, दुकानवाल्यांनी भुकेच्या गोळ्या बंद झाल्याचं जाहीर केलं. भाची मामांकडे बघून हसत होती. हे हसणं मामांना सोसवेना.

“उगाच गैरसमज नको हं कुणाचा,” ते घसा खाकरून म्हणाले. “मी काही हिला थांबवायला हे काम घेत नाहीये. ही राहिली काय, गेली काय, मला सारखंच.”

“असं?” भाचीने त्यांच्या काजाला लोंबणारी पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि कार्ड पुढे धरलं. “खाली जागा आहे. लिही.”

“लिहितो की!”

सगळे जवळ सरकले. मामांनी लिहिलं, ‘भाची गेली तर मला’. तिथवर पेन्सिल नीट चालली. पुढे चालेना. त्यांनी ती झटकली. जिभेवर ओली केली. टोक डोळ्यांपाशी धरून बघितलं.

“हिला टोकच नाहीये,” मामा म्हणाले.

“खोटं!” सगळी वरात एका सुरात ओरडली.